बिनचष्म्याची सही

पैज लागली ती गादीवाल्याच्या दुकानापुढच्या बाकावर, भर दुपारी, कापूस उडत असताना. गादीवाला आत बसून कापूस पिंजत होता आणि त्याचे पुंजके दारातून बाहेर पडून, कुठे निघालो होतो ते विसरल्यासारखे, गल्लीभर तरंगत होते. बाकावर तिघं होती. गादीवाल्याची बायको, जिला सगळी गल्ली टॉर्चबाई म्हणायची. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला. आणि गादीच्या दुकानावरच राहणारे बिगुलकाका.

टॉर्चबाई नदीकाठच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायची. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात दाढीच्या आरशाएवढा आरसा, आणि नाकावर चष्मा. सांधा बरोबर नसला की ती त्यावर खडूने वेल्डरचं तोंड काढायची. भोक असेल तर तोंड उघडं, कड खाल्ली असेल तर एक कान गायब. वेल्डर चिडायचे, पण दुसऱ्या दिवशी आपलं तोंड कुठे निघालंय का ते बघायला पहिले तेच यायचे. पन्नाशी आली तरी बाईच्या अंगातलं वारं कमी झालं नव्हतं. काकांच्या बिगुलात कापूस कोंबून त्यांना सकाळी लालबुंद होईपर्यंत फुंकायला लावलं होतं ते हिनेच, आणि वर खिडकीखाली उभी राहून, "काका, आज तब्येत बरी नाही का?" असं विचारलंही होतं हिनेच.

काका तरुणपणी लष्करात बिगूल वाजवायचे. किती वर्षं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पण लष्कराचा विषय निघाला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची आणि गल्लीत त्या विषयावर दुसऱ्या कुणाला बोलायची सोय राहायची नाही.

"तुमच्या कारखान्याला लष्कराची ऑर्डर लागली म्हणे," काका म्हणाले.

"लागली. तरंगत्या पुलाचे डबे. ते नदीत सोडायचे, वर फळ्या टाकायच्या, आणि त्यावरून गाड्या न्यायच्या."

"आणि ते डबे पास कोण करणार?"

"मी. दुसरं कोण आहे तिथे?"

काकांनी नाकाजवळ आलेला कापूस फुंकरीने परतवला. "लष्कर तुझा कागद घेणार नाही."

"का? काय वाईट आहे माझ्या सर्टिफिकेटात? काचेत लावलंय चांगलं."

"ते साध्या लोकांचं. पाण्याच्या टाक्या, जिन्याचे कठडे, असल्यासाठी. लष्कराला लष्कराचा कागद लागतो. शिक्का गोल पाहिजे. तुझा चौकोनी आहे."

"काका, शिक्का चौकोनी आहे म्हणून कधी पूल बुडतो का?"

"लष्करात बुडतो."

चष्मेवाला इतका हसला की त्याच्या खिशातली काच पुसायची फडकी खाली पडली. "लावा मग पैज," तो म्हणाला. "इथे बसून नुसतं शिक्क्यावर काय भांडताय."

पैज लागली. लष्कराच्या माणसाने टॉर्चबाईचं सर्टिफिकेट नाकारलं, तर तिने चौकात उभं राहून सकाळभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला सलाम ठोकायचा. आणि मान्य केलं, तर काकांनी झोपायचा झगा आणि टोपी घालून, चौकात मांडलेल्या गादीवर उभं राहून बिगुलावर अंगाई वाजवायची.

"बिगुलावर अंगाई वाजत नाही," काका दुखावल्या आवाजात म्हणाले. "बिगूल माणसाला उठवतो."

"मग आत्तापासून सराव करा."

"गादी कुठली द्यायची?" आतून गादीवाल्याने विचारलं. त्याला पैजेशी घेणं नव्हतं, पण गादीचा विषय निघाला की तो जागा व्हायचा. एरवी हा माणूस दिवसातला बराच वेळ अर्धवट झोपेत असे. त्याच्या धंद्यात तो अवगुण नव्हता. नवीन गादी केली की तिच्यावर तो स्वतः पडून बघायचा, आणि गिऱ्हाईक येऊन त्याला हलवायचं.

बाक रिकामा झाला, पण बाईच्या मनातून काकांचं बोलणं गेलं नाही. कारण पैज गंमत होती आणि त्यामागची गोष्ट गंमत नव्हती. कारखान्याच्या मालकाने तिला सकाळीच बोलावून सांगितलं होतं, की लष्कराचा माणूस येऊन आधी तपासनिसाचं सर्टिफिकेट बघणार. चाललं तर सगळी ऑर्डर तुझ्या सहीवर जाईल. नाही चाललं तर त्यांना चालणारा तपासनीस मला मोठ्या शहरातून आणावा लागेल, आणि तो एकदा आला की दोघांना ठेवणं काही जमायचं नाही. म्हणजे मग टॉर्चबाईला टॉर्च उचलून नदीच्या मुखाशी, जहाजांच्या गोदीत काम शोधायला जावं लागणार, आणि नवरा, दुकान, बाक, काका, हे सगळं सुटीसुटीला भेटायचं.

"जाशील तिकडे तर तुझी गादी मी भरून देईन," गादीवाला त्या दिवशी जेवताना म्हणाला. भाताचा घास कालवून तसाच ठेवला. मग म्हणाला, "पण तिथल्या दमट हवेत कापूस बसतो गं."

एवढंच बोलला, पण तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात काका भेटले. आज ते पैजेच्या आवाजात बोलत नव्हते.

"एक सांगू का? मनावर घेऊ नकोस. पण तो माणूस येईल तेव्हा चष्मा लावू नकोस."

"का?"

"लष्कराला चष्म्याचा डोळा चालत नाही. मी स्वतः पाहिलंय. रांगेत एक मुलगा होता. धट्टाकट्टा. चष्मा दिसला आणि दिला बाहेर काढून. कुणी कारणसुद्धा सांगितलं नाही."

"तुम्ही मला मुद्दाम घाबरवताय. पैज जिंकायचीय तुम्हाला."

"पैज जिंकायची असती तर सांगितलं असतं का?" काका म्हणाले, आणि तेही खरं होतं.

बाईला तिच्या सर्टिफिकेटचे नियम पाठ होते. तिथे चष्म्याला कुणी हरकत घेत नव्हतं. पण ते नियम साध्या लोकांचे. लष्कराच्या कागदात तपासनिसाबद्दल एवढंच होतं, की यादीतल्या संस्थेचं सर्टिफिकेट पाहिजे, त्याची मुदत चालू पाहिजे, आणि डोळ्यांची तपासणी ग्राहकाच्या पद्धतीने होईल. आता ग्राहकाची पद्धत म्हणजे काय, ते ग्राहकच जाणे. ती मालकाकडे गेली.

"फोन करून विचारू का त्यांना, चष्मा चालतो का म्हणून?"

मालकाने जीभ चावली. "खुळी आहेस का. आपण विचारलं की त्यांना वाटणार, ह्यांच्या डोळ्यांत काहीतरी आहे. न विचारलेल्या गोष्टीला कुणी नाही म्हणत नाही."

मालकाचा सगळा कारखाना ह्याच तत्त्वावर चालायचा. बाईनेही मान डोलावली, आणि चष्मा टॉर्चच्या कातडी पिशवीत टाकला.

चष्मा काढल्यावर कारखाना बदलला.

पहिला अर्धा दिवस तिला भीती वाटली. मग ती निवली, आणि मग, खरं सांगायचं तर, बाईला ते आवडायला लागलं. नदीवरचं धुकं सकाळी छपराखाली शिरायचं ते आता दिवसभर जायचंच नाही. वेल्डरांचे निळे झोत धुक्यात फुलासारखे उमलायचे आणि हळूहळू मिटायचे. पुलाचे डबे ओळीने पालथे पडलेले असायचे. कामगार त्यांना पाणघोडे म्हणायचे, आणि इतके दिवस ते नुसतं नाव होतं. आता ते खरंच पाणघोडे दिसायला लागले. राखाडी, गुळगुळीत, पोट भरून झोपलेले. त्यांच्या पाठीवर हात ठेवला की ते श्वास घेताहेत असं वाटायचं. आणि त्यांच्या अंगावरचे सांधे, अहाहा. ज्या सांध्यांत ती एरवी कुठे खडा, कुठे भोक, कुठे खाल्लेली कड शोधायची, ते सगळे चांदीच्या दोरीसारखे एकसंध दिसायचे. धुकं सगळ्यांना माफ करत होतं.

"आज माझं तोंड कुठेच नाही," ठिणगी म्हणाला. ठिणगी म्हणजे तिथला सगळ्यात जुना वेल्डर. त्याच्या शर्टाला इतकी बारीक भोकं होती की उन्हात उभा राहिला तर मागच्या भिंतीवर चांदण्या पडायच्या. "कालही नव्हतं. बाई, माझ्यावर रागावलीस का?"

"काम चांगलं करतोयस."

"मी?" ठिणगीने संशयाने स्वतःच्या हातांकडे बघितलं.

पहिला पाणघोडा पुरा झाला तेव्हा बाईने टॉर्च मारला, आरसा फिरवला, बोटं फिरवली, आणि पिवळ्या रंगाच्या पेनाने त्याच्या कपाळावर सही ठोकली. तिला छान वाटत होतं. सगळ्या जगाचं वेल्डिंग पास झालं होतं.

राहता राहिली डोळ्यांची तपासणी. चष्मेवाल्याच्या दुकानात जवळचं वाचायचं कार्ड होतं. त्यावर वर मोठ्या अक्षरांत एक परिच्छेद, खाली त्याहून बारीक, आणि सगळ्यांत खाली मुंगीच्या पावलांएवढा. खालचा वाचता आला की डोळा पास. बाईला चष्म्याशिवाय तिथे फक्त एक राखाडी पट्टी दिसायची.

"वहिनी, चष्मा माझ्याच दुकानातला आहे," चष्मेवाला म्हणाला. "तो लपवायचा म्हणजे माझी बदनामी. फ्रेम एवढी वाईट आहे का?"

"फ्रेम चांगली आहे. कार्ड दे घरी."

"पाठ करणार?"

"सगळ्या डॉक्टरांकडे हेच असतं ना?"

"माझ्या ओळखीच्या सगळ्यांकडे हेच आहे," चष्मेवाला म्हणाला. त्याच्या ओळखीचे म्हणजे तो आणि त्याचा मेहुणा.

मग दुपारी, कारखान्याच्या जेवणाच्या सुटीत, गादीवाला नव्या गादीवर आडवा पडून कार्ड डोळ्यांसमोर धरायचा आणि बाई दारातून कापसाकडे बघत म्हणायची. "माळ्याने सकाळी गुलाबाच्या वाफ्याला पाणी घातलं. मांजर भिंतीवर बसून त्याच्याकडे बघत होतं. फाटकाची कडी कुणीतरी उघडी ठेवली होती."

"ठेवली होती, आणि," गादीवाला झोपेच्या काठावरून म्हणायचा.

"आणि वारा आत येत होता. माळ्याने झारी खाली ठेवली."

"मग?"

"मग काय. संपलं."

"असं कसं संपलं? कडी कुणी उघडी ठेवली?"

"अहो, डोळे तपासायचं कार्ड आहे ते."

पण हळूहळू तिलाही त्या बागेत जायची सवय झाली. कामावर जाता-येता ती मनातल्या मनात फाटक ढकलायची. मांजर तिला ओळखायला लागलं होतं. बागेत चष्म्याची गरज नव्हती. तिथे सगळं पाठ होतं, म्हणून सगळं दिसायचं.

लष्कराचा माणूस आला तो गणवेशात नव्हता, त्यामुळे मालकाने आधी त्याला रंग विकणारा समजून बाहेर बसवलं. मध्यम वयाचा, सर्दी झालेला, हातात साधी कापडी पिशवी. चूक लक्षात आल्यावर मालकाची धांदल उडाली, पण साहेबांनी काही मनाला लावून घेतलं नाही. नाक पुसलं आणि म्हणाले, "तपासनीस कोण?"

"मी," टॉर्चबाई म्हणाली. तिने आज केस घट्ट बांधले होते आणि नाक मोकळं ठेवलं होतं.

साहेबांनी काचेतलं सर्टिफिकेट भिंतीवरून काढायला लावलं, मागून-पुढून बघितलं. "संस्था आमच्या यादीत आहे. मुदत चालू आहे. ह्या धातूच्या कामाची वेगळी परीक्षाही दिलेली दिसते."

"दिलीय, साहेब."

"हे चांगलं केलंत. पुष्कळ जण इथेच अडकतात. कागद बरोबर, पण दुसऱ्या धातूचा."

"आणि शिक्का?" मालकाच्या तोंडून निघून गेलं. चौकोनी शिक्क्याची बातमी कारखान्यापर्यंत पोचली होती.

"शिक्क्याचं काय?"

"काही नाही. चांगला आहे."

साहेबांनी पिशवीतून एक कार्ड काढलं. "डोळे तेवढे बघू. हातभर लांब धरा आणि सगळ्यांत खालचं वाचा."

कारखान्यात काम थांबलं होतं. ठिणगी मुखवटा वर करून उभा होता. बाईने कार्ड हातभर लांब धरलं. तिथे नेहमीची राखाडी पट्टी होती. तिने बागेचं फाटक ढकललं.

"माळ्याने सकाळी गुलाबाच्या वाफ्याला पाणी घातलं," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, सावकाश. मध्ये एका शब्दाला थोडी अडखळलीसुद्धा, म्हणजे खरं वाटावं. मांजर आलं. वारा आला. माळ्याने झारी खाली ठेवली, आणि बाईने कार्ड खाली घेतलं.

साहेब शेवटपर्यंत शांतपणे ऐकत राहिले. एकदा शिंकणार होते, तेही त्यांनी दाबून धरलं.

"छान आहे," ते म्हणाले. "माझ्या कार्डावर कोंबड्या पाळायच्या सूचना आहेत."

छपरावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज ऐकू येत होता. बाईने आयुष्यात पुष्कळांना तोंडघशी पाडलं होतं, पण स्वतः पडल्यावर कसं वाटतं ते तिला आज पहिल्यांदा कळत होतं. तिने पिशवीतून चष्मा काढला, नाकावर ठेवला आणि कार्ड पुन्हा उचललं.

"कोंबड्यांना ओल चालत नाही," ती वाचायला लागली. "खुराड्याची जमीन कोरडी ठेवावी. दाणे एकाच जागी न टाकता..."

"पुरे. डोळे ठीक आहेत," साहेब म्हणाले. "चष्मा लावून किंवा न लावता, कसंही चालतं. तो लपवला का?"

"कुणीतरी म्हणालं, लष्कराला चालत नाही."

"बंदूक धरणाऱ्यांचं वेगळं असतं. तपासनिसाचा चष्मा कशाला नको असेल आम्हाला? आमच्या खात्यात माझ्याशिवाय सगळ्यांना आहे."

मालकाने सुटकेचा श्वास सोडला आणि चहाची ऑर्डर द्यायला तोंड उघडलं. पण साहेबांनी पेन काढलं नव्हतं. ते कार्ड पिशवीत ठेवत म्हणाले, "मला कागदाची काळजी नाही. डोळ्यांचीही नाही. पण जे दिसत नव्हतं ते तुम्ही दिसतंय म्हणून वाचून दाखवलंत. आणि बरं वाचलंत. कोंबड्यांचं कार्ड नसतं, तर मला कळलंही नसतं."

हे ते रागाने बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. बाईला गोदी दिसली. दमट खोली दिसली, कापूस बसलेली गादी दिसली. अजून थोडं हसून, थोडं रडून, काकांच्या नावाने खडे फोडून हे निभावता आलं असतं. तिला ते जमलं असतं, ती त्यातली उस्ताद होती. पण चष्मा नाकावर होता आणि साहेबांच्या खांद्यामागे पहिला पाणघोडा पडला होता, कपाळावर पिवळी सही घेऊन. आणि आज तो श्वास घेत नव्हता. आज तो पत्र्याचा डबा होता.

"साहेब," ती म्हणाली, "तो डबाही मी तसाच पास केलाय."

"कसा?"

"बिनचष्म्याचा. कार्डासारखाच. सांधा कसा असतो ते मला पाठ आहे. मी तेच बघितलं."

मालक म्हणाला, "अगं." नुसतंच.

बाई वळली आणि डब्याकडे गेली. टॉर्च पेटवला. आरसा घेतला. चष्म्यातून सगळं इतकं लख्ख दिसत होतं की सुरुवातीला डोळ्यांना पाणी आलं. ती सावकाश सरकत गेली, वाकली, मग सरळ जमिनीवर आडवी झाली. लांबचे सांधे चांगले होते. ठिणगीचा हात काही वाईट नव्हता. पण पोटाखाली, जिथे कडी अडकवायचा तुकडा बसवला होता, तिथे कोपऱ्यात तिचा टॉर्च थांबला. सांध्यात सुईच्या टोकाएवढं भोक होतं, आणि त्याच्या शेजारी अजून एक, भावंडासारखं.

आडव्यानेच तिने खिशातून खडू काढला. ठिणगीने मान खाली घातली, कारण आता त्याचं तोंड निघणार होतं. बाई बराच वेळ खडू घासत होती. मग उठून बाजूला झाली, आणि ठिणगी, साहेब, मालक, तिघांनी आळीपाळीने खाली वाकून आरशात बघितलं.

तोंड ठिणगीचं नव्हतं. केस घट्ट बांधलेली एक बाई होती, आणि डोळ्यांवर दोन मोठी, गोल, रिकामी वर्तुळं.

"हे तुझं नाक नाही," ठिणगी म्हणाला. "तुझं ह्याहून मोठं आहे."

"आडवं पडून एवढंच येतं."

मग तिने फडक्याने पाणघोड्याच्या कपाळावरची आपली सही पुसायला घेतली. पक्का रंग होता, सहज निघेना. साहेब नाक पुसत उभे राहून बघत होते. मालक मनातल्या मनात सांधा घासून काढणं, पुन्हा भरणं, माल उशिरा जाणं, असं सगळं मोजत होता आणि त्याचा चेहरा लांब होत चालला होता. बाई घासतच होती. शेवटी साहेबांनी कापडी पिशवीतून पेन काढलं.

"पूल उशिरा गेला तरी चालेल," ते मालकाला म्हणाले. "हा डबा दुरुस्त करा, आणि ह्यांनीच पुन्हा बघायचा. सर्टिफिकेट मान्य." लिहिता लिहिता ते थांबले. "पुढे काय लिहू? चष्म्यासह?"

"चष्म्यासह," टॉर्चबाई म्हणाली. तिचा आवाज बागेतल्याइतका स्वच्छ आला नाही.

संध्याकाळी ती बाकावर येऊन बसली तेव्हा काका आधीच तिथे होते. बातमी तिच्या पुढे धावत आली होती. त्यांनी तिच्या नाकावरच्या चष्म्याकडे बघितलं आणि मग समोरच्या भिंतीकडे.

"मी तुझं वाटोळंच करणार होतो," ते म्हणाले.

"थोडक्यात वाचले. काका, तो रांगेतला मुलगा. चष्म्याचा. कोण होता हो?"

काकांनी मांडीवरचा कापूस वेचून वेचून काढला. "बंदुकीला नाही म्हणाले. मग म्हणाले, बिगूल येतो का. बिगुलाला कुठे डोळे लागतात."

"तुमचा चष्मा कुठाय मग? मी तर कधी बघितला नाही."

"त्या दिवसापासून लावलाच नाही."

चष्मेवाल्याने दुकानाच्या दारातून हे ऐकलं आणि आत जाऊन दिवा लावला. "काका," त्याने हाक मारली, "जरा इकडे येता का? नुसतं बसा. काही पाठ करू नका."

ठरलेल्या सकाळी चौकात गादी पडली. गादीवाल्याने दुकानातली सगळ्यांत मऊ निवडली होती आणि काका वर चढताच त्याचं कारण सगळ्यांना कळलं. काका घोट्यापर्यंत आत गेले. अंगात झोपायचा पट्ट्यापट्ट्यांचा झगा, डोक्यावर गोंड्याची टोपी, नाकावर कोरा करकरीत चष्मा. गल्लीतले लोक गोळा झाले होते, कारखान्यातून ठिणगी आणि मंडळी आली होती. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, आणि काका त्यात, लाटेवर उभं राहिल्यासारखे, एकदा डावीकडे झुकत होते आणि एकदा उजवीकडे.

"पाठ ताठ ठेवा, काका," टॉर्चबाई म्हणाली.

"तू गादीवर उभी राहून दाखव ताठ."

त्यांनी बिगूल तोंडाला लावला, पुन्हा काढला, आत डोकावून कापूस नाही ना ते बघितलं. मग वाजवायला लागले. पहिले सूर उठवायचेच आले, सवयीने. चौकातले दोन कुत्रे ताठ उभे राहिले. काकांनी डोळे मिटले आणि श्वास सैल सोडला, आणि बिगुलातून काहीतरी जाडंभरडं, मऊ, घोगरं बाहेर यायला लागलं. म्हाताऱ्या माणसाने नातवाला थोपटावं तसं, चुकतमाकत. ते धुक्यात पसरत गेलं. कुणी हसायला तोंड उघडलं होतं त्याची जांभई झाली. चष्मेवाला खांबाला टेकला. ठिणगीने शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकली. मालक उभ्या उभ्या डुलत होता आणि त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी आखूड झाला होता. गादीवाला तर गादीच्या कडेला बसल्या बसल्या केव्हाच आडवा झाला होता आणि काकांच्या पायाशी घोरत होता, अगदी सुरात.

टॉर्चबाई तेवढी जागी होती. ती चष्म्यातून एकेकाचं तोंड बघत होती, सावकाश, कडेकडेने.

मधल्या एका उंच सुराला काकांचा तोल गेला. ते बसले ते थेट गादीवाल्याच्या पोटावर. गादीवाला झोपेतच म्हणाला, "कापूस चांगला आहे."

"झालं का माझं?" काकांनी टोपी सरळ करत विचारलं.

"अंगाईची दोन कडवी असतात," टॉर्चबाई म्हणाली.

काकांनी बसल्या जागीच बिगूल उचलला.